त्याच खिडकीत

कित्येक वर्षं मी एकाच रँकवर अडकून होतो. त्यातली बरीचशी वर्षं आपण अडकलोय हेच मी मान्य करत नव्हतो. खेळ होता काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह. २०१२ साली आलेल्या या खेळात १८ रँक होते. तळाला सिल्व्हर वन, माथ्यावर ग्लोबल एलिट. मी मधल्या दोन पायऱ्यांवर वर-खाली करत राहिलो. गोल्ड नोव्हा मास्टरवरून मास्टर गार्डियन वनवर जायचो, चार सामने हरलो की परत खाली. माझ्याबरोबर सुरुवात केलेले वर निघून गेले, माझ्यानंतर आलेलेही गेले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाच जणांविरुद्ध पाच जण खेळतात. एक बाजू बॉम्ब लावायला येते, दुसरी तिला अडवते, आणि अर्ध्यावर बाजू बदलतात. त्या काळी आधी १६ राउंड जिंकेल त्याचा सामना. मेलात की त्या राउंडपुरते बाहेर. प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला खेळातल्या पैशातून बंदुका, चिलखत, धूर करणारे स्मोक, डोळे दिपवणाऱ्या फ्लॅश विकत घ्यायचे. पैसे किती मिळणार ते मागच्या राउंडवर ठरतं. हरलात तर कमी, लागोपाठ हरत गेलात तर दर वेळी थोडे जास्त. त्यामुळे कधी कधी सगळा संघ ठरवून एक राउंड जवळजवळ सोडून देतो, कुणी काहीच घेत नाही, म्हणजे पुढच्या राउंडला पाचही जणांच्या हातात नीट हत्यार येतं. याला सेव्ह म्हणतात. हे सगळं सांगतोय, कारण माझी सगळ्यात मोठी चूक बंदुकीच्या नेमाची नव्हती, पैशांची होती.

मी हा खेळ शिकलो सांगलीत, विश्रामबागच्या एका तळघरातल्या कॅफेत. तेव्हा काउंटर-स्ट्राइकची जुनी आवृत्ती, १.६, होती. लोडशेडिंगचे दिवस. राउंड रंगात आलेला असताना सगळे पडदे एकदम काळे व्हायचे आणि आम्ही अंधारात बसून उरलेला राउंड तोंडानं भांडत पूर्ण करायचो. आमच्यात ऑप मी चालवायचो. ऑप म्हणजे एडब्ल्यूपी, दुर्बिणीची लांब बंदूक. छातीत-पोटात एक गोळी लागली की समोरचा संपला. मला ती पहिल्या महिन्यातच जमली. का जमली ते सांगता येणार नाही. हाताला तो वेग होता. माझा खेळ चालू असला की पोरं स्वतःचा तास सोडून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची. एकोणीस वर्षांच्या मुलाला याहून काय हवं असतं? आपण खेळतो तेव्हा मागे कुणीतरी उभं आहे, ही जाणीव पुढे पुण्यात, स्वतःच्या खोलीत एकटा खेळत असतानाही माझ्या मानेवरून गेली नाही.

पुण्यात नोकरी लागली, स्वतःचा पीसी आला, आणि ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये मी भराभर वर चढलो. मग चढ थांबला. थांबल्यावर मी जे केलं ते बहुतेक सगळे करतात. तास वाढवले. ऑफिसातून आलो की जेवणाआधी डेथमॅच, म्हणजे मेलं तरी लगेच पुन्हा उठून चालणारी नुसती मारामारी, जेवणानंतर सामने, रात्री दीड-दोनपर्यंत. डेथमॅचमध्ये हातात कोणती बंदूक? ऑप. जे आधीच येत होतं तेच रोज आणखी थोडं घोटत होतो. सराव करताना मला छान वाटायचं, आणि त्या छान वाटण्यालाच मी प्रगती समजत होतो. हात ओळखीच्या वाटेनं जात होता, म्हणून ते छान वाटत होतं. रायफलनं सराव करायला बसलो की दहा मिनिटांत वैताग यायचा. एके-४७ चा ट्रिगर दाबून धरला की नेम आधी वर आणि मग आडवा भरकटतो. तो माउसनं उलट दिशेला ओढून आवरावा लागतो. चालता चालता गोळी मारली तर ती भलतीकडेच जाते. नेम लागायचा तर विरुद्ध दिशेची कळ क्षणभर दाबून पाय जागच्या जागी रोवावे लागतात. हे मला येत नव्हतं. येत नव्हतं म्हणून करायचं नाही, आणि करायचं नाही म्हणून यायचं नाही.

मग सामानावर खर्च झाला. नवा माउस, मोठा पॅड, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. मॉनिटरनं खरंच फरक पडला, ते नाकारत नाही. चित्र सफाईदार झालं. मी मात्र तसाच चुकीच्या जागी उभा राहत होतो.

२०१५ च्या सुरुवातीला खेळात एक बदल आला. दुर्बीण डोळ्याला लावून चालण्याचा ऑपचा वेग १५० वरून १०० वर आणला. माझा सगळा खेळ त्या वेगावर होता. कोपऱ्यातून सर्रकन बाहेर यायचं, गोळी मारायची, परत आत. आता बाहेर आलो की परत आत जायला उशीर व्हायचा. जगभरच्या ऑपवाल्यांवर हीच वेळ आली होती. त्यांनी उभं राहण्याच्या जागा बदलल्या, जोडीदाराबरोबर पुढे यायला शिकले. मी तक्रार करायला शिकलो. बरंच वर्षभर कुणीही विचारलं की माझं उत्तर तयार असायचं, ऑपची वाट लावली, आता काय खेळणार. तो बदल माझ्यासाठी फार सोयीचा ठरला. त्यानंतरच्या प्रत्येक पराभवाला एक कारण मिळालं, आणि ते कारण माझ्याबाहेरचं होतं.

आमचा पाच जणांचा संघ होता. चौघं ऑफिसवाले आणि एक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. तो मला दादा म्हणायचा. नकाशांचा त्याचा अभ्यास आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त होता. कुठून टाकलेला स्मोक कुठे पडतो, फ्लॅश कोणत्या भिंतीवर आपटली की समोरच्याच्या तोंडावर फुटते, हे सगळं वहीत आकृत्या काढून त्यानं लिहून ठेवलं होतं. मारायच्या आकड्यांत तो बहुधा आमच्यात शेवटचा असायचा, आणि आम्ही, विशेषतः मी, त्याला तेवढ्याच आकड्यावरून जोखत होतो.

पुण्यातल्या एका लॅन स्पर्धेत आम्ही बाद फेरीपर्यंत गेलो. नकाशा मिराज. दुसऱ्या अर्धात आम्ही अडवणाऱ्या बाजूला होतो आणि सामना बरोबरीनं चालला होता. लागोपाठ दोन राउंड गेले. पैसे संपले. धाकट्यानं ऑडिओवर सांगितलं, ‘‘हा सेव्ह करू, पुढचा पाचही जण फुल घेऊ.’’ हिशेब बरोबर होता आणि तो बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण माझ्या खुर्चीमागे त्या दिवशी खरोखरच माणसं उभी होती. धाकट्याकडे मागचे साठवलेले ५००० च्या आसपास होते. मी म्हणालो, ‘‘मला ऑप टाक.’’ तो क्षणभर थांबला. ‘‘दादा, सेव्ह आहे.’’ मी पुन्हा म्हणालो, ‘‘टाक रे.’’ त्यानं टाकली.

ऑपची किंमत ४७५० आहे. दुसऱ्या बहुतेक बंदुकांनी एकाला मारलं की ३०० मिळतात, ऑपनं मारलं की फक्त १००. म्हणजे ही बंदूक घेणारा माणूस संघाकडून उधार घेतो आणि परतफेड सावकाश करतो. त्यासाठी त्याला जिवंत राहावं लागतं, निदान बंदूक तरी वाचवावी लागते. हे सगळं मला पाठ होतं. धाकट्याच्या हातात पिस्तूल आणि त्याच्याकडे आधीपासून असलेली एक फ्लॅश उरली. मी मिडवर, म्हणजे नकाशाच्या मधल्या भागावर, नजर ठेवणाऱ्या खिडकीत गेलो. त्या दिवशी बहुतेक राउंडना मी तिथेच होतो. त्याला म्हणालो, मिडवर फ्लॅश टाक, मी बाहेर येतो. फ्लॅश फुटली. मी बाहेर आलो आणि दुर्बिणीतून काही दिसायच्या आत मेलो. ऑप खाली पडली, ती त्यांनी उचलली. तो राउंड गेला, पुढच्यात आमच्याच ऑपनं आमचे दोघं मारले, आणि तिथून सामना आमच्या हातात परत आला नाही.

खुर्चीतून उठताना मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, ‘‘फ्लॅश वेळेवर टाकली असतीस तर जिंकलो असतो.’’ तो काही बोलला नाही. महिनाभर तो सरावाला येत राहिला, मग परीक्षा म्हणाला, मग यायचा थांबला. काही महिन्यांत संघही राहिला नाही. वहीतले ते स्मोक दुसऱ्या कुणाला टाकता येत नव्हते.

आयोजकांनी सामन्याची रेकॉर्डिंग दिली होती. आमच्यात तिला डेमो म्हणतात. साधा व्हिडिओ आणि डेमो यांत एक मोठा फरक असतो. डेमोत तुम्हाला कुठल्याही खेळाडूच्या डोळ्यांनी सामना बघता येतो, प्रतिस्पर्ध्याच्याही. ती फाइल माझ्याकडे कित्येक महिने न उघडता पडून होती. वेळ नव्हता हे खरं नाही. रोज चार तास खेळायला वेळ होता.

एका रविवारी दुपारी उघडली. तो राउंड काढला आणि मला मारणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला लागलो. धाकट्याची फ्लॅश बरोबर वेळेवर फुटली होती. समोरच्याचा पडदा पांढराफेक झाला होता आणि दोनेक सेकंद पांढराच होता. त्या दोन सेकंदांत मी खिडकीत नव्हतो. मी आत थांबलो होतो. मग त्याचा पडदा निवळला, आणि तेव्हा मी बाहेर आलो. त्यानं मला शोधलंही नाही. त्याचा नेम आधीपासून खिडकीच्या त्या कोपऱ्यावर, माझ्या डोक्याच्या उंचीवर टेकवलेला होता. मागचे राउंड पाहिले. प्रत्येक वेळी मी त्याच बाजूनं, जवळपास त्याच सेकंदाला, त्याच उंचीवर बाहेर येत होतो. पहिले काही राउंड मी त्यांना मारलं. नंतर त्यांच्यातला एक जण फक्त माझ्यासाठी तिथे नेम धरून उभा राहायला लागला. त्याला माझ्यापेक्षा वेगवान असण्याची गरजच नव्हती. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. नेम आधीच जागेवर असेल तर त्यातला बराच वेळ वाचतो. इतकी वर्षं मी तो पाव सेकंद कमी करायला धडपडत होतो, आणि मी कुठून येणार हे समोरचे मला बघून शिकत होते.

धाकट्याला मी त्या दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही. लाज वाटली.

त्याऐवजी आणखी एक चूक केली. रायफल शिकायची असं ठरवलं, पण माझा रँक खाली येताना ओळखीच्यांना दिसू नये म्हणून सेलमध्ये खेळाची दुसरी प्रत घेतली आणि नव्या नावानं खेळायला लागलो. (तेव्हा हा खेळ विकत घ्यावा लागायचा, फुकट झाला तो २०१८ च्या डिसेंबरात.) नव्या खात्यावर समोर नवखी मुलं यायची. त्यांच्यासमोर माझी अर्धीकच्ची रायफलही चालायची. चुकीच्या जागी उभा राहिलो तरी शिक्षा होत नव्हती. मी तीस-तीस मारत होतो आणि शिकतोय असं समजत होतो. शिवाय रोज रात्री चार-पाच नव्या पोरांचा खेळ नासवत होतो, हे तर लक्षातही आलं नाही. मुख्य खात्यावर परतलो तेव्हा होतो तिथेच होतो.

या काळात मी वाचायलाही लागलो, आणि वाचनाचाही आडोसा केला. १८९७ साली विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी अमेरिकेत तारयंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास केला होता. संदेश पाठवण्याचा वेग शिकाऊ माणसात हळूहळू वाढत जायचा. संदेश ऐकून उतरवून घेण्याचा वेग मात्र काही आठवडे एका पातळीवर थांबायचा आणि मग पुन्हा चढायचा. त्यांचं म्हणणं असं की, त्या थांबलेल्या काळात अक्षरं ऐकणं अंगवळणी पडत असतं, आणि ते पडलं की कान शब्द आणि मग वाक्यं ऐकायला मोकळा होतो. मला हे फार आवडलं, कारण त्यातून मी हवा तोच अर्थ काढला, की वाट पाहा, आत काहीतरी पिकतंय. ते शिकाऊ लोक रोज नवे संदेश उतरवून घेत होते, चुकत होते, आणि मुख्य लाइनवर काम मिळवायचं तर वेग वाढवणं त्यांना भाग होतं. मी रोज त्याच खिडकीत उभा राहत होतो. माझ्या आत काही पिकत नव्हतं.

मला खरं हलवलं ते टेट्रिसनं. १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रावर आलेल्या टेट्रिसमध्ये २९ व्या लेव्हलला तुकडे इतक्या वेगानं पडतात की कळ दाबून धरून ते कडेपर्यंत नेताच येत नाहीत. खेळ तिथेच संपतो, असं खेळणारे कित्येक वर्षं धरून चालले होते. जोनास न्यूबाउअर हा क्लासिक टेट्रिसचा सात वेळचा जगज्जेता. २०१८ च्या अंतिम सामन्यात त्याला जोसेफ सेली या सोळा वर्षांच्या मुलानं हरवलं. सेली कळ दाबून धरत नव्हता, बोट थरथरवल्यासारखं ती भराभर टिचकत होता. मग त्याच्याही पुढची पद्धत आली. अंगठा कळीवर नुसता टेकवायचा आणि कंट्रोलरच्या पाठीवर दुसऱ्या हाताच्या बोटांनी ताल धरल्यासारखं वाजवायचं. त्या पद्धतीनं २०२३ च्या डिसेंबरात विलिस गिब्सन हा तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या लेव्हलपर्यंत गेला आणि तिथे खेळच गोठला. मी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. पण सेलीचे सामने पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझं लक्ष जिंकणाऱ्यांपेक्षा मधल्या लोकांकडे जास्त गेलं. वर्षानुवर्षं कळ दाबून धरत आलेले, त्यात तरबेज झालेले, आणि आता टिचकी शिकायला बसून आपल्याच जुन्या गुणसंख्येच्या कितीतरी खाली घसरलेले लोक. त्यांचं ते घसरणं सगळ्यांना दिसत होतं. माझी अडचण नेमकी तीच होती. वर जाण्याआधी खाली यावं लागणार होतं, आणि खाली येताना कुणी पाहू नये असं मला वाटत होतं.

मुख्य खात्यावर ऑप बंद केली. रँक घसरला, गोल्ड नोव्हा टूपर्यंत. तिथे भेटणारे जुने ओळखीचे विचारायचे, काय झालं रे? मी सांगायचो, रायफल शिकतोय. पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून निघायला जड गेलं. दहाव्यांदा काही वाटेनासं झालं. एका वेळी एकच गोष्ट घेतली. आधी फक्त पाय, थांबल्याशिवाय गोळी मारायची नाही, भले त्यापायी मरावं लागलं तरी. त्यात पावसाळा गेला. मग नेम डोक्याच्या उंचीवर धरून चालणं. मग प्रत्येक हरलेल्या सामन्यातला एक तरी राउंड, मला मारणाऱ्याच्या डोळ्यांनी. हे शेवटचं सगळ्यात कंटाळवाणं होतं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. कुठल्याही रात्री झटका बसल्यासारखी प्रगती झाली नाही. पुढच्या वर्षी मी डिस्टिंग्विश्ड मास्टर गार्डियनला पोचलो. तो अठरातला चौदावा. ज्यांना या खेळातलं कळतं त्यांच्या दृष्टीनं हे फार मोठं काही नाही. मला ते मोठं वाटलं.

त्याच सुमारास डेन्मार्कच्या अ‍ॅस्ट्रालिस संघाबद्दल वाचलं. नेमबाजीत ते कधीच कमी नव्हते. पण मोठ्या स्पर्धांच्या शेवटच्या टप्प्यात कोसळणारा संघ अशी त्यांची ओळख झाली होती. २०१६ मध्ये त्यांनी मिया स्टेलबर्ग या फिनिश क्रीडा-मानसशास्त्रज्ञ बाईंना बरोबर घेतलं, वर्षाच्या शेवटाकडे कर्णधारही बदलला, आणि २०१७ च्या जानेवारीत अटलांटाची मेजर, म्हणजे या खेळातली सगळ्यात मोठी मानली जाणारी स्पर्धा, जिंकली. पुढे आणखी तीन मेजर त्यांच्याकडे गेल्या. त्यांचे सामने पाहताना मला दर वेळी एकच गोष्ट दिसायची. एकासाठी दुसरा फ्लॅश टाकतोय, आणि ती फुटते त्याच क्षणी पहिला बाहेर पडतोय. दोन सेकंद नाही, अर्धा सेकंदही उशीर नाही. फ्लॅश टाकणाऱ्याचं नाव कुठल्याच आकड्यात वर येत नाही. ते पाहिलं आणि मग मी धाकट्याला फोन लावला.

त्याला नोकरी लागली होती. मी त्याला डेमोबद्दल सांगितलं, फ्लॅश बरोबर होती हेही. तो म्हणाला, ‘‘मला माहीत होतं, दादा. मी त्याच रात्री बघितला होता.’’ मग म्हणाला की माझ्या बोलण्याचं त्याला तितकंसं लागलं नव्हतं. हरल्यावर माणूस बोलतो. बाकीचे तिघं गप्प बसले, त्याचं लागलं. त्या तिघांनाही हिशेब कळत होता. पण ऑप माझी, संघ माझा, त्यामुळे कुणी तोंड उघडलं नाही. त्यांच्या गप्प बसण्यातही माझा हात होता, हे मला तोवर सुचलं नव्हतं. मी त्याला पुन्हा खेळतोस का विचारलं. नाही म्हणाला, आता आवड राहिली नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात काउंटर-स्ट्राइक २ आला. त्यात आधी १३ राउंड जिंकेल त्याचा सामना. स्मोकमध्ये हातबॉम्ब फोडला की तो धूर क्षणभर फाटतो आणि पलीकडचं दिसतं. स्मोकचं जुनं पाठांतर बरंचसं नव्यानं करावं लागलं. मी आता आमच्या सोसायटीतल्या तीन कॉलेजवयीन मुलांबरोबर खेळतो. सामना हरलो की डेमो लावायचा आणि पहिला राउंड माझा काढायचा, असं ठरलंय. गेल्या आठवड्यात त्यांनी इन्फर्नो या नकाशावरचा एक सामना लावला. तिघांतली एक मुलगी म्हणाली, ‘‘काका, तुम्ही प्रत्येक राउंडला बनानाच्या वाटेवर मोलोटोव्ह एकाच वेळी टाकता. समोरचे ती आग विझेपर्यंत थांबतात आणि मग येतात.’’ मी नाही म्हणालो. तिनं राउंड एकामागून एक लावून दाखवले. खरंच तसं होतं. सध्या मी दर राउंडला वेळ बदलून टाकायचा सराव करतोय. कधी उशिरा, कधी टाकतच नाही. अजून जमत नाही, आणि या आठवड्यात रेटिंग बरंच खाली आलंय.